अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात जेवतात, झोपतात, आंघोळ करतात ती कशी?

मी फोंड्याला शाळेत विज्ञान शिकवते. तुमचा हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात, तेव्हा मी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडा हा गोल पाव वर्गात नेते आणि वर्तमानपत्रावर तोडते. कडक सालीचा भुगा कागदावर पडतो. "हा पडलाच नसता तर?" एवढं विचारलं की पुढचं मुलंच सांगतात: डोळ्यांत जाईल, यंत्रात अडकेल. म्हणून तिथे पावाऐवजी मऊ पोळीसारखे टॉर्टिया असतात आणि मीठ-मिरीसुद्धा पातळ करून नेतात. 2025 साली भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले होते. तिन्ही चिकट, भुगा न होणारे!

वर गुरुत्वाकर्षण नसतं असं मात्र समजू नका. स्थानक पृथ्वीभोवती फिरतं त्या 400 किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, म्हणून तरंगतात.

पाणी तर ओघळतच नाही, अंगाला चिकटून राहतं. त्यामुळे आंघोळ म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणं, आणि केसांना न धुता पुसून काढायचा शाम्पू. घाम, उच्छ्वासातली वाफ, लघवी, सगळं शुद्ध करून परत प्यायला. वर्गात "शी!" होते. पण 2023 साली नासाने यातलं 98 टक्के पाणी परत मिळवून दाखवलं, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. कपडे मात्र धुतच नाहीत, मळले की टाकून देतात.

झोपायचं कपाटाएवढ्या खोलीत, भिंतीला बांधलेल्या पिशवीत. इथे आपला गरम उच्छ्वास आपोआप वर निघून जातो. तिथे वर-खाली काही नाहीच, त्यामुळे पंखा बंद पडला तर सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचून राहील. मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट विचारात पाडते. दिवसात 16 सूर्योदय होतात, म्हणून घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर. हाडं आणि स्नायू झिजू नयेत यासाठी रोज सुमारे दोन तास व्यायाम.

पाऊस सरला की संध्याकाळी काळोख पडताना गच्चीवर जा. स्थानक कधी दिसणार ते नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' अ‍ॅपवर कळतं. न लुकलुकणारा पांढरा ठिपका काही मिनिटांत आकाश ओलांडून जातो.