पणजोबांच्या वहीतली शनिवारची सभा

वाचकांचे प्रश्न

जुन्या मुंबईतील शाळांविषयी या सदरात मजकूर आल्यापासून त्याच विषयावरची पत्रे सतत येत आहेत. शतकापूर्वीच्या हायस्कुलांत मुले वर्गाबाहेर काय करीत असत, याविषयीची चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांची कापडी बांधणीची वही सापडली. ते शाळेच्या ‘डिबेटिंग सोसायटी’चे चिटणीस होते. 1907 ते 1909 पर्यंतच्या सभांच्या नोंदी तीत आहेत. सगळ्या इंग्रजीत, आणि प्रत्येक नोंदीखाली हेडमास्तरांची सही. ‘खेड्यातले जीवन शहरातल्यापेक्षा सुखाचे असते’, ‘आगगाडीने देशाचे हित झाले’ असले विषय आहेत. लोकमान्य टिळकांवरचा खटला 1908 मध्ये मुंबईतच चालला, पण त्याविषयी अवाक्षर नाही. जुलै 1908 पुढे तर ‘या महिन्यात सभा भरली नाही’ एवढेच लिहिले आहे. पणजोबांना राजकारणाचे वावडे होते असे समजावे का? (गिरगाव)

उत्तर : तसे मुळीच समजू नये. आपण हेडमास्तरांच्या सहीचा उल्लेख केला आहे, त्या सहीतच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

मे 1907 मध्ये हिंदुस्थान सरकारने एक परिपत्रक काढले. त्या वेळचे गृहसचिव रिस्ले यांच्या नावाने ते ओळखले जाते. बंगालच्या फाळणीनंतर 1905 पासून स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीत शाळा-कॉलेजांतील मुले मोठ्या संख्येने उतरू लागली होती आणि त्यांना आवरणे हा या परिपत्रकाचा उघड हेतू होता. शाळकरी मुलांनी राजकीय सभांना जायचे नाही, हा नियम. आणि जी शाळा तो पाळणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद, तिच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत जागा नाही आणि विद्यापीठाच्या परीक्षेला मुले पाठवण्याची मान्यताही धोक्यात, ही शिक्षा. मॅट्रिकच्या परीक्षेवरच ज्या हायस्कूलचा सगळा डोलारा उभा असे, त्याच्या हेडमास्तरांना हा धाक पुरेसा होता. तेव्हा सभेचा विषय आधी त्यांच्याकडे जायचा आणि सभेची नोंद नंतर त्यांच्याकडे जायची, यात नवल नाही. खेडे बरे की शहर बरे, हा विषय निरुपद्रवी म्हणूनच निवडलेला असतो. आगगाडीच्या विषयात मात्र थोडी गंमत आहे. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते, हा दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या अपहाराचा सिद्धान्त तोवर सर्वांना ठाऊक झाला होता, आणि आगगाडीने देशाचे हित झाले की अहित झाले याची चर्चा करताना राज्यकर्त्यांचे नाव न घेताही पुष्कळ काही बोलता येत असे. त्या सभेत ठरावाविरुद्ध किती मते पडली हे वहीत जरूर पाहावे.

आता जुलै 1908 विषयी. टिळकांना 24 जून रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात अटक झाली. हायकोर्टात 13 जुलैला खटला सुरू झाला आणि 22 जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्यूरीतील नऊपैकी सातजणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडल्या, बाजार बंद झाले, लष्कर रस्त्यावर आले, आणि सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप असे उत्तर गिरणी कामगारांनी दिले. अशा महिन्यात शनिवारी दुपारी बाक सरकवून खेडे आणि शहर यांची तुलना करायला कोण बसणार होते? ‘सभा भरली नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्या चिटणिसाने ताकास तूर लागू दिलेली नाही, पण पान कोरेही सोडलेले नाही. मला तरी त्या तीन शब्दांत बरेच काही ऐकू येते.

सभा इंग्रजीत का, असाही प्रश्न आपल्या पत्रातून डोकावतो. मराठी चार इयत्ता झाल्या की मुलगा इंग्रजी पहिलीत जाई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत होती, नोकरीचा अर्ज इंग्रजीत होता, त्यामुळे डिबेटिंग सोसायटी ही प्रथम इंग्रजी बोलण्याची तालीम होती आणि मग वादविवादाची. ठराव मांडणारा, त्याला अनुमोदन देणारा, विरोध करणारा, उपसूचना आणणारा, शेवटी हात वर करून मतदान आणि अध्यक्षांचे आभार, असा सगळा थाट पार्लमेंटवरून घेतलेला असे. पाठ करून आलेली भाषणे कंटाळवाणी होत असणार यात मला शंका नाही. टिकाऊ ठरली ती चिटणिसाची वही. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, गणसंख्या पुरी नसेल तर सभा तहकूब करणे, वर्गणीचा आणि खर्चाचा मेळ घालून हिशेब मांडणे, ही कामे मुले पंधरा-सोळाव्या वर्षी शिकली आणि पुढे ग्रंथालयांत, पतपेढ्यांत, ज्ञातिसंस्थांत आणि नगरपालिकांत तीच कामे मराठीतून करीत राहिली. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ हे वाक्य ऐकताना आपण कदाचित जांभई देत असाल. पणजोबांनी तेच वाक्य इंग्रजीत पन्नासदा लिहिले आहे.

ही परंपरा मुंबईत त्यांच्याही आधी साठ वर्षांची होती. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 1848 मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून निघाल्या. निबंध वाचायला जमलेल्या त्या तरुणांनी वर्षभरात मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला स्वतःच सकाळी जाऊन विनावेतन शिकवले.

पणजोबांचे राजकारण शोधायचे असेल तर ते शाळेच्या वहीत नव्हे, चाळीत सापडेल. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 पासूनचा. उत्सवातल्या मेळ्यांत एकसारखा पोशाख करून, लेझीम घेऊन पदे म्हणणारी पोरे बहुतेक शाळकरीच असत, आणि त्या पदांत जे असे ते डिबेटिंग सोसायटीत कधीच येत नसे. म्हणून तर पुढे सरकारची नजर पदांवरही गेली. त्याच ट्रंकेत पदांची एखादी चोपडी आहे का, ते पाहावे.

प्रश्न : आजोबांच्या लहानपणच्या एका फोटोत अकरा मुले, पांढरे कपडे, डोक्यावर टोप्या आणि मधोमध लाकडी पाटावर बसवलेली धातूची ढाल दिसते. ही हॅरिस शील्ड असेल का? त्या काळी सगळ्याच मुलांना क्रिकेट खेळायला मिळे का? (दादर)

उत्तर : मुंबईच्या शाळांत दोन ढाली मानाच्या. लॉर्ड हॅरिस 1890 ते 1895 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते आणि क्रिकेटचे कमालीचे शौकीन होते. थोरल्या मुलांची स्पर्धा त्यांच्या नावाची आणि धाकट्यांची गाइल्स यांच्या नावाची. फोटोतल्या मुलांना मिसरूड फुटलेले दिसत असेल तर हॅरिस, नसेल तर गाइल्स, असा ढोबळ अंदाज करता येईल. खात्री करायची तर भिंग घेऊन ढालीवरची कोरीव अक्षरे वाचावीत. भोवती बसवलेल्या लहान पट्ट्यांवर वर्ष आणि शाळा कोरण्याची पद्धत असते. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 1988 मध्ये 664 धावांची भागीदारी केली ती याच हॅरिस शील्डमध्ये, आझाद मैदानावर.

खेळायला सगळ्यांना मिळे का, याचे उत्तर नाही असेच द्यावे लागेल. गिरगावातल्या किंवा काळबादेवीच्या शाळेला स्वतःचे मैदान कुठून असणार? मुले किल्ल्याबाहेरच्या मैदानांवर जात. तिथे सामन्यापेक्षा जागा धरण्याचीच शर्यत मोठी. बॅट, पॅड, ग्लोव्हज असा एकच संच साऱ्या शाळेत असायचा आणि तो अकराजणांनी आळीपाळीने वापरायचा. बाकीची मुले चाळीच्या चौकात फळीच्या बॅटीने खेळत. मात्र वेड सर्वत्र होते, आणि त्याला कारणही घडले होते. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंच्या संघाने मुंबईत युरोपियनांना हरवले. त्या संघाचा हुकमी गोलंदाज पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला, कोणत्याही हायस्कूलने न घडवलेला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तेव्हा शाळाशाळांतून डाव्या हाताने फिरकी टाकण्याची साथ आली असेल तर नवल नाही.

हुतुतू, खोखो आणि आट्यापाट्या यांना शाळेच्या कार्यक्रमात मान मिळायला मात्र वेळ लागला. त्या खेळांचे नियम गावोगाव निराळे, आणि नियम छापलेले नसले की ढाल ठेवता येत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम बांधून सामने भरवले, तेव्हा कुठे हे खेळ शाळांच्या स्पर्धांत येऊ लागले. तोवर शाळेत कवायत, डंबेल्स आणि सिंगल बार. मलखांब आणि जोरबैठका संध्याकाळी तालमीत.

प्रश्न : आपल्या सदरात जुन्या शाळांचे वर्णन फार गोड असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच काळात मुंबईच्या हायस्कुलात शिकत होते. या सभा आणि संमेलने त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी होती का? (परळ)

उत्तर : आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करतो.

बाबासाहेब परळच्या डबक चाळीत राहत आणि बोरीबंदराजवळच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत. शाळा सरकारी, म्हणजे प्रवेश नाकारला जाण्याचा प्रश्न नव्हता. तरीही शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली, ही हकिगत त्यांच्या चरित्रांत आहे. संस्कृत शिकता न आल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. जिथे फळ्याजवळ जाणे ही एवढी घटना होते, तिथे त्याच वर्गातल्या संमेलनात, नाटकात किंवा फराळाच्या पंगतीत कोणाला मोकळेपणाने जागा असेल, याचा विचार आपणच करावा. शाळांच्या नियमावलीत ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी’ असे छापलेले असे. नियम आणि डबे यांत डबे अधिक बोलके आहेत.

त्यांना जी सोबत मिळाली ती शाळेच्या मंडळातून नव्हे, बागेतून मिळाली. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत येऊन बसत. तिथे वाचत बसलेल्या या मुलाशी त्यांची ओळख झाली आणि ते त्याला पुस्तके देऊ लागले. 1907 मध्ये मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ती सभाही शाळेने भरवलेली नव्हती. ती वस्तीतल्या लोकांनी भरवली होती.

गरिबीचाही असाच अडसर होता. गिरणगावातला मुलगा हायस्कूलपर्यंत पोहोचणेच विरळा. नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकाराने 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग निघाली आणि तिने कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवली. जोशी स्वतः आधी हायस्कुलात शिक्षक होते, हे येथे सांगण्याजोगे आहे.

मुलींविषयी वेगळे पत्र आलेले नाही, पण ओघानेच लिहितो. मुंबईत मुलींची हायस्कुले होती, तिथेही संमेलने होत, पण प्रेक्षकांत बहुधा आया आणि शिक्षिकाच असत. मुलांच्या शाळेतल्या नाटकात स्त्रीभूमिका मुलगेच करीत, आणि ज्याचा आवाज अजून फुटलेला नाही अशा मुलाला डिसेंबर महिना फार कठीण जाई.

प्रश्न : वडिलांच्या शाळेतले हस्तलिखित मासिक घरी आहे. कागद पिवळा पडून कडांना तुटतो आहे. लॅमिनेट करून घ्यावे का? (विलेपार्ले)

उत्तर : कृपा करून लॅमिनेट करू नये. प्लॅस्टिकचा थर उष्णतेने एकदा चिकटला की तो कागदाला इजा न होता निघत नाही. सेलोटेपही लावू नये. तिचा डिंक दहा-पंधरा वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांवर उतरतो. आधी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पण थेट उन्हात नव्हे, प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत एकही पान सोडू नये. कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेले शेरे असतात. हस्तलिखित मासिकाची एकच प्रत निघे आणि ती वर्गात हातोहात फिरे, त्यामुळे वाचणाऱ्यांचे हे शेरे म्हणजे त्या अंकाची वाचकांची पत्रेच होत. पिना गंजल्या असतील तर त्या चिमट्याने सरळ करून अलगद काढाव्यात आणि त्यांच्या जागी पांढरा सुती दोरा ओवावा. मासिक आडवे, सपाट, सुती कापडात गुंडाळून खोक्यात ठेवावे. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कसर लागते, म्हणून लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये. डांबराच्या गोळ्या कागदाला लागतील अशा ठेवायच्या नाहीत.

घरात ठेवण्याची सोय नसेल तर 1898 पासून मराठी ग्रंथ सांभाळणारे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. तिथे नेण्यापूर्वी, अंकातल्या मुलांपैकी कोण पुढे काय झाले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर तारीख घालून लिहून घ्यावे आणि तो कागद मासिकासोबतच द्यावा.