वाचकांचे प्रश्न : दिशा दाखवणारी प्रकाशरेषा

प्रश्न : जुन्या रेडिओ दिशाशोधक यंत्रात गोल पडद्यावर उमटणारी रेषा अँटेना न फिरवताच दिशा कशी दाखवते? कधी कधी तिच्या जागी लंबवर्तुळ का दिसते?

उत्तर : ही रेषा आलेला संदेश स्वतःच काढतो. एका उभ्या लूप अँटेनाचे (तारेच्या वेटोळ्याच्या अँटेनाचे) प्रतल उत्तर-दक्षिण, तर दुसरीचे पूर्व-पश्चिम असते. पहिलीचा विद्युतदाब वाढवून कॅथोड किरण नलिकेतील, म्हणजे पडद्यामागच्या काचनळीतील, इलेक्ट्रॉनांचा झोत खाली-वर आणि दुसरीच्या विद्युतदाबाने तो आडवा हलवला जातो. ईशान्येकडून आलेला तरंग दोन्ही लूपमध्ये सारखाच विद्युतदाब निर्माण करतो, म्हणून रेषा ४५ अंशांवर उमटते. उत्तरेपासून पूर्वेकडे ६० अंशांवरून तो आला, तर पूर्व-पश्चिम लूपचा विद्युतदाब सुमारे १.७३ पट असतो आणि रेषा तेवढी कलते. रेषेच्या लांबीवरून संदेशाची तीव्रताही कळते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत विकसित केली ती विजांमधून निघणारे रेडिओ तरंग टिपण्यासाठी. लूप फिरवून आवाज सर्वांत क्षीण होण्याची जागा शोधेपर्यंत वीज केव्हाच विझून गेलेली असे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचे अतिशय त्रोटक संदेशही याच पद्धतीने पकडले गेले. क्षणात आलेले दृश्य उत्तर हेच या यंत्राचे खरे सामर्थ्य, असे मला वाटते.

मात्र झोत मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना हलत असल्यामुळे संदेश ईशान्येचा की नैर्ऋत्येचा हे नुसत्या रेषेवरून कळत नाही. त्यासाठी सर्व दिशांनी सारखाच संदेश घेणाऱ्या तिसऱ्या अँटेनाच्या साहाय्याने रेषेचा अर्धा भाग झाकला जातो.

लंबवर्तुळाकडे मात्र बारकाईने पाहावे. दोन्ही विद्युतदाबांच्या कलांमध्ये (फेज), म्हणजे चढउतारांच्या वेळेत, फरक पडला की रेषा फुगते. हा फरक दोन लूपचे विद्युतदाब वाढवणाऱ्या दोन रिसीव्हरांतील असमानतेमुळे पडतो, तसाच परावर्तित तरंग वेगळ्या मार्गाने येऊन मिसळल्यामुळेही पडतो. म्हणून दोन्ही रिसीव्हरांना आधी एकच चाचणी-संदेश द्यावा. तेव्हा ४५ अंशांवर स्वच्छ, बारीक रेषा आली आणि प्रत्यक्ष संदेशाला पुन्हा लंबवर्तुळ दिसले, तर दोष रिसीव्हरांत नसून बहुधा तरंगाच्या मार्गात आहे. रिसीव्हरांच्या वर्धनात १० टक्के तफावत असेल, तर ईशान्येच्या संदेशाची दिशा सुमारे पावणेतीन अंशांनी चुकते आणि ही चूक अधिक फसवी असते, कारण तेव्हा रेषा बारीकच राहते.