सूर उतरला म्हणजे तडा गेलाच असं नाही

पुलाची कंपन-वारंवारता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, घसरली की लगेच तडा शोधत पळू नकोस, भाऊ. नवखे हमखास इथंच फसतात. एकतारीची तार पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. तार मात्र धडच असते. तुळईचंही तसंच: ताण वारंवारता वाढवतो, दाब घटवतो. परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात दोन्ही टोकं जखडलेली पोलादी तुळई पसरू शकत नाही, आत दाब साठतो आणि आकडा खाली येतो.

सध्या एवढंच कर:
- पहाटे आणि भर दुपारी, दोन्ही वेळा मोज.
- तापमान तुळईचं लिही, नुसतं हवेचं नको.

तड्यानं तुळईचा ताठरपणा, म्हणजे न वाकण्याची ताकद, घटतो; पण तो सगळीकडून 10 टक्के घटला तरी वारंवारता जेमतेम 5 टक्के उतरते. एवढा फरक ऊनही पाडू शकतं. गणित नंतर बघू, आधी वर्षभराची वही भर.