हिस्टेरिया, उन्माद आणि योषापस्मार

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : बहिणीच्या पायातली शक्ती एकाएकी गेली, एमआरआयमध्ये दोष आढळला नाही, आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी कागदावर ‘फंक्शनल’ (म्हणजे रचनेत नव्हे, कार्यात बिघाड) असे लिहिले, याला मराठीत हिस्टेरिया म्हणावे की उन्माद?

दोन्ही म्हणू नये. उन्मादाला चरकसंहितेत स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात मन व बुद्धी भ्रष्ट होतात; प्रस्तुत रुग्णाची बुद्धी शाबूत आहे, बिघाड पायाच्या हालचालीत आहे. तरीही वर्तमानपत्रांतून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात.

‘हिस्टेरिया’ ज्यावरून आला तो ग्रीक ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, हे सर्वांना ठाऊक असते. ते संस्कृत ‘उदर’शी जोडण्याची पद्धत आहे, पण मला ती जुळणी ओढूनताणून केलेली वाटते. ग्रीक ‘हिस्टेरॉस’, म्हणजे नंतरचा किंवा मागचा, हा आपल्या ‘उत्तर’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे, आणि ‘हिस्टेरा’ हे त्याचेच स्त्रीलिंगी रूप, म्हणजे शरीरातला ‘मागला’ अवयव, असे मानणे मला अधिक पटते. रोगाला हे नाव हिपोक्रेटिसने दिले, असे बिनदिक्कत सांगणाऱ्यांनी वैद्यकाच्या इतिहासकार हेलन किंग यांचे प्रतिपादन विचारात घ्यावे : हिपोक्रेटिसच्या नावावरच्या त्या प्राचीन ग्रंथांत या नावाचा रोगच नाही, आणि एकोणिसाव्या शतकात लित्रे यांनी त्या ग्रंथांच्या आपल्या फ्रेंच आवृत्तीत घातलेल्या मथळ्यांमुळे तो तेथे असल्याचा समज बळावला.

आपल्याकडच्या कोशकारांनी हिस्टेरियासाठी दिलेला ‘योषापस्मार’ तर दुहेरी चुकला आहे. ‘योषा’ म्हणजे स्त्री, पण एकोणिसाव्या शतकातले मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी पॅरिसमध्ये पुरुष रुग्णांचीही वर्णने केली होती. आणि ‘अपस्मार’ म्हणजे फेफरे, जेव्हा अशा झटक्यांच्या निदानात व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युत् लहरींची नोंद) लावून मुख्यतः हेच पाहिले जाते की ते फेफरे नाही. त्यापेक्षा चरकाचा ‘अपतंत्रक’ मला फार आवडतो. त्यात शरीर धनुष्यासारखे वाकते आणि रुग्ण पारव्यासारखा घुमतो. शार्को यांनी वर्णिलेली कमानही अशीच होती. हे वर्णन धनुर्वाताच्या जवळ जाते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘अप’ आणि ‘तंत्र’, म्हणजे रचना जागेवर असून तंत्र ढळलेले, असा अर्थ मी लावतो, आणि ‘फंक्शनल’ला याहून जवळचा शब्द मला दिसत नाही.

राहिला पायाचा प्रश्न. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणून मनाचे’ हे निदान नव्हे. 1908 मध्ये अमेरिकन डॉक्टर हूवर यांनी सांगितलेली खूण अशी आहे की, रुग्णाला अशक्त पायाची टाच खाली दाबायला सांगितली तर जोर लागत नाही, पण धडधाकट पाय प्रतिकाराविरुद्ध उचलायला सांगितला की तोच अशक्त पाय नकळत जोराने खाली दाबला जातो. मज्जामार्ग शाबूत असून स्वेच्छेने होणारी हालचाल तेवढी बिघडली आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावा असतो. तो ढोंगाचा पुरावा नव्हे. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन नियमपुस्तिकेत, मानसिक ताणाचा शोध लागलाच पाहिजे ही अट काढून टाकण्यात आली, आणि अशा खुणांना महत्त्व आले. ताण कित्येकदा सापडतो, कित्येकदा सापडत नाही. तेव्हा बहिणीच्या कागदावरचा ‘फंक्शनल’ आहे तसाच ठेवावा, आणि घरात कोणी ‘नाटक’ म्हणत असल्यास डॉक्टरांकडून ही खूण त्यांना दाखवून घ्यावी.