शंका-समाधान : घरचं नेट आणि संथ नेटवरचा वाचक

प्रश्न : माझं कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे. स्पीड टेस्टमध्ये कधी ९४ दिसतं, कधी ३५, आणि फाइल डाउनलोड करताना आकडा ११च्या वर जात नाही. खरं काय धरायचं?

उत्तर : ११ पाहून घाबरू नका. कनेक्शनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डाउनलोडचा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा १०० मेगाबिटचे होतात साडेबारा मेगाबाइट. नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत येते. त्यातून प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याची जागा वजा करा. ९४सुद्धा ठीकच आहे, कारण १०० मेगाबिटच्या लॅन पोर्टमधून (केबल खोचायच्या खाचेतून) प्रत्यक्षात तेवढंच हाती लागतं. मात्र उद्या ३०० चं कनेक्शन घेऊनही टेस्ट ९४ वरच अडली, तर कंपनीला फोन लावण्याआधी केबल बदलून बघा. १००च्या वर जायचं तर जोडणी गिगाबिटची (१००० मेगाबिटची) लागते, आणि तिला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. त्यातली एखादी तार तुटली की राउटर आणि संगणक न बोलता १०० वर उतरतात, दिवे मात्र लुकलुकत राहतात.

३५ आलं तेव्हा तुम्ही वाय-फायवर असणार. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर त्यातच दाटीवाटीने बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण दोन भिंती पार करताना त्याचा दम निघतो. म्हणून कनेक्शन तपासायचं तर केबल लावून, आणि वाय-फाय तपासायचं तर नेहमी बसता त्या खुर्चीत बसून. दोन्हींची सरमिसळ केली की काहीच कळत नाही.

प्रश्न : दोन कंपन्यांची कनेक्शनं घेऊन पाहिली. दोन्हींवर टेस्ट सारखीच येते, पण एकावर कोणी फोटो अपलोड करायला घेतले की व्हिडिओ कॉल अडखळतो. असं का?

उत्तर : कारण तुम्ही डाउनलोडचा आकडा पाहिलात, पिंग पाहिला नाहीत. एक पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो दोनदा बघायचा असतो : लाइन मोकळी असताना आणि लाइन भरलेली असताना. नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवर अधिक माहितीचं बटण दाबलं की दोन्ही दिसतात. मोकळा पिंग २० मिलिसेकंद आणि भरलेला ३०० असेल, तर तुमचा आजार सापडला. राउटर किंवा मोडेम पाकिटं टाकून देण्याऐवजी लांबलचक रांगेत उभी करतो आणि कॉलची इवलीशी पाकिटं फोटोंच्या मागे तिष्ठत राहतात. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये एसक्यूएमची (रांग आखूड ठेवण्याची) सोय असेल तर ती चालू करा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग गमावून रांग तुमच्या ताब्यात येते, आणि आमच्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

तुलना करताना संगणक एकच, केबल तीच, व्हीपीएन बंद, टेस्टही एकच. ही शेवटची अट लोक हटकून मोडतात. ऊकला (स्पीडटेस्ट डॉट नेट) या कंपनीची टेस्ट जवळचा सर्व्हर शोधते आणि एका वेळी अनेक जोडण्या उघडते. एम-लॅब या दुसऱ्या संस्थेची टेस्ट एकाच जोडणीवर मोजते. एका कंपनीला पहिली आणि दुसरीला दुसरी लावली तर निकाल काहीही लागेल. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री ९ ते ११ मध्ये तीन-तीन वेळा मोजा. डाउनलोड, अपलोड, मोकळा पिंग, भरलेला पिंग असे चार रकाने पुरतात. सरासरी काढू नका. रात्रीचे सगळ्यात वाईट आकडे समोरासमोर ठेवा. जीपॉन प्रकारच्या (एकच तार अनेक घरांत वाटणाऱ्या) फायबरमध्ये खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट एका फांदीवरच्या ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, त्यामुळे गर्दी किती केली आहे हे रात्रीच उघडं पडतं.

प्रश्न : मी केलेली वेबसाइट माझ्याकडे क्षणात उघडते, पण वाचकांच्या तक्रारी येतात. त्यांच्यासारखी ती मला कशी दिसेल, आणि आधी काय दुरुस्त करू?

उत्तर : तुमच्याकडे अर्धी साइट ब्राउझरच्या कॅशमधून (आधी साठवलेल्या प्रतींतून) येते, म्हणून पहिली गोष्ट, कॅश बंद करून उघडा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क या भागात त्यासाठी खूण करायची चौकट आहे. शेजारीच वेग कमी करायची यादी आहे, तीत ‘स्लो ४जी’ निवडा. परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर चौपट संथ करता येतो, तोही करा. तरी ही रंगीत तालीमच. हा वेग ब्राउझर आपल्या पातळीवर कमी करतो, हरवलेली पाकिटं त्यात येत नाहीत. दोन-चार वर्षं वापरलेला साधा फोन आणि कमकुवत सिग्नल यांच्याइतकं खरं कोणी सांगत नाही.

आता हिशेब. लाइटहाउस या साइट तपासणाऱ्या साधनाची मोबाइल चाचणी १.६ मेगाबिट वेग आणि १५० मिलिसेकंदांची फेरी (पाकीट जाऊन परत यायचा वेळ) गृहीत धरते. १.६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २०० केबी. फोनमधून काढून जसाच्या तसा चढवलेला ३ एमबीचा फोटो एकटाच १५ सेकंद खातो. तोच ८०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात ७५ च्या दर्जावर साठवला तर बहुधा शंभर केबीच्या आसपास येतो. ४००, ८०० आणि १२०० अशा तीन रुंदी तयार करा आणि फोटोच्या टॅगमधल्या ‘एसआरसीसेट’ व ‘साइझेस’मध्ये द्या, म्हणजे ब्राउझर योग्य ती निवडतो. रुंदी-उंची लिहायला विसरू नका, नाहीतर फोटो येताच मजकूर खाली उडी मारतो आणि वाचकाचं बोट भलत्याच बटणावर पडतं. खालच्या फोटोंना ‘लेझी’ (जवळ आल्यावरच मागवा) लावा, पण सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला नको. त्याला लावलं की पानाची मांडणी ठरेपर्यंत ब्राउझर तो मागवतच नाही.

वजनानंतर फेऱ्या, आणि इथे जास्त वेग विकत घेऊनही उपयोग होत नाही. पत्ता शोधायला एक फेरी, जोडणीला एक, टीएलएस १.३ या सुरक्षित जोडणीच्या कुलूपकिल्लीला एक, पान मागायला एक. फेरी २० मिलिसेकंदांची असेल तर ८० मध्ये काम होतं. २०० ची असेल तर पहिलं अक्षर यायच्या आत ८०० गेले. जाहिरात, आकडेवारी, नकाशा, गप्पांची खिडकी, असा प्रत्येक परका सर्व्हर आपल्या पहिल्या तीन फेऱ्या वेगळ्या मागतो. शिवाय सर्व्हर पहिल्या हप्त्यात साधारण १४ केबीच पाठवतो, मग २८, मग ५६. म्हणून शीर्षक, पहिले परिच्छेद आणि त्यांना लागणारं सीएसएस (पानाच्या सजावटीचे नियम) दाबून १४ केबीत बसवता आलं तर संथ नेटवरही वाचायला सुरुवात होते. जावास्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) ‘डीफर’ लिहून मागे ढकला, म्हणजे तो पान वाचून झाल्यावर चालतो. ३०० केबीची स्क्रिप्ट आणि ३०० केबीचा फोटो यांचं वजन सारखं, त्रास सारखा नाही : दाबून पाठवलेली स्क्रिप्ट फुगून मोठी होते आणि फोनला ती वाचून चालवावीही लागते.

प्रश्न : मराठी साइटच्या फॉन्टची फाइल लहान करायला गेलो, तर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द फुटले. काय चुकलं?

उत्तर : कात्री जास्त चालली. देवनागरीची जोडाक्षरं युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षरं म्हणून नसतात. कोणत्या अक्षरांतून कोणता आकार घडवायचा याचे नियम फॉन्टमध्येच असतात. नुसती मुळाक्षरं ठेवून बाकीचं छाटणाऱ्या साधनाने ते नियमही उडवले. नुक्त्याचा ‘ऱ’ (युनिकोड क्रमांक ०९३१) हिंदीपुरत्या केलेल्या यादीतून अनेकदा गळतो, आणि अक्षरं जोडणारी अदृश्य खूण, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक (२००डी), दिसतच नसल्याने कोणाच्या लक्षात राहत नाही. ०९०० ते ०९७एफ हा पट्टा अख्खा ठेवा, सोबत २००सी (जोड तोडणारी अदृश्य खूण) आणि २००डी. फॉन्ट छाटणारं पायएफटीसबसेट हे साधन वापरत असाल तर मांडणीचे सगळे नियम राखायचा पर्याय द्या. मग फाइल वॉफ२ या वेबच्या दाबलेल्या प्रकारात करा, आणि सीएसएसमधल्या ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ द्या म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर फोनच्या फॉन्टमध्ये वाचता येतो. अक्षरांची एकच जाडी पुरे. ठळक हवंच असेल तर दुसरी. इतकं करूनही फाइल जड वाटली तर शीर्षकापुरता फॉन्ट ठेवा आणि मजकूर फोनच्या फॉन्टवर सोडा.

प्रश्न : संथ नेटवाल्यांसाठी साइटची वेगळी हलकी आवृत्ती काढावी का?

उत्तर : नको. दोन आवृत्त्यांतली एक सहा महिन्यांत शिळी होते, आणि ती नेहमी हलकीच असते.