घरचेच बटाटे बेणे म्हणून वापरतो. पाने वळतात, फवारूनही उत्पादन घटते. विषाणूवर औषध कोणते?

औषध नाही. विषाणू झाडात शिरला की कोणतीही फवारणी तो बाहेर काढत नाही. तो कंदात उतरतो आणि पुढच्या वर्षी बेण्यातूनच उगवतो, म्हणून घरचे बेणे दरवर्षी खराब होत जाते.

खालची पाने वर वळून कडक झाली असतील तर बहुधा पानवळ रोग. हा विषाणू मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते आणि तो माव्याच्या अंगात बराच काळ राहतो, त्यामुळे इथे मावा मारल्याचा उपयोग होतो. बटाट्याच्याच 'वाय' नावाच्या विषाणूचे तसे नाही. मावा काही सेकंद सोंड खुपसतो तेवढ्यात तो पसरतो, कीटकनाशक काम करेपर्यंत उशीर झालेला असतो. शेंडा वळत असेल तर पांढरी माशी पाहा, तो विषाणू ती पसरवते. 'एक्स' विषाणू तर नुसत्या स्पर्शाने, कंद कापायच्या विळीनेही जातो.

खरा उपाय बेण्यात आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उत्तरेच्या मैदानासाठी बेणेप्लॉटची पद्धत बसवली: मावा कमी असतानाच पीक वाढवायचे, रोगट झाडे कंदासकट उपटायची आणि १०० पानांवर २० मावा दिसण्याआधी पाला कापायचा. पुणे जिल्ह्यात मंचर-खेडकडे पंजाबचे बेणे आणतात, त्यामागचे हे एक मोठे कारण. तेव्हा प्रमाणित बेणे घ्या, नुसत्या 'पंजाबचे आहे' या शब्दावर नको. शेंडा वळण्याचा त्रास असेल तर कुफरी बहार हा वाण बराच टिकतो.