ती होडी तुटलेली नव्हती: क्रॉसबो आणि तिची भावंडं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ऐंशीच्या दशकातलं एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यातल्या फोटोत शर्यतीची एक होडी आहे, दोन लांबट सांगाडे (पाण्यावर तरंगणारी होडीची अंगं), दोन शिडं, पण एक सांगाडा दुसऱ्याच्या पुढे निघून गेलेला. नाव असलेला कोपरा फाटलाय. ही अपघातात तुटलेली होडी का? अशा विचित्र होड्या पुढे दिसल्या नाहीत, म्हणजे ते प्रयोग फसले का? आणि असंच एखादं मॉडेल करून अंबाझरी तलावात सोडता येईल का?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणतोस. माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो, राग नको मानू.

तर ती तुटलेली नाही, मुद्दाम तशी केलेली आहे. ती क्रॉसबो टू. फोटो मी पाहिलेला नाही, पण या वर्णनाची त्या काळातली दुसरी होडी मला आठवत नाही.

आता मी कोण सांगणारा? झिरो माइलच्या गावात राहून शिडाच्या होड्यांवर बोलतो म्हटलं की लोक हसतातच. पण नागपुरात नेव्हल एनसीसी आहे, आणि मी समुद्र पाहण्याच्या आधी शीड ओढायला शिकलो ते तिथे. एंटरप्राइज नावाची डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी, १३ फूट ३ इंच लांब, निळी शिडं. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसाने १९५६ साली आखलेली. मे महिन्यात दुपारी चारनंतर झाडांवरून वाऱ्याचा एकेक झपाटा पाण्यावर उतरायचा, पाणी काळं पडत आपल्याकडे येताना दिसायचं. आम्ही दोघं पोट्टे काठावर बूड टेकवून, पाठ पार पाण्याला लागेपर्यंत बाहेर लोंबकळायचो. तेवढ्यात खालचा आवाज बदलायचा. आधी नुसती चुळचुळ असायची, आणि मग एकदम मांजरपाट टरकावल्यासारखा आवाज. होडी पाण्यातून जायची सोडून पाण्यावरून घसरायला लागायची. तो पहिला आवाज माझ्या अजून कानात आहे.

त्या आवाजातच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. होडी पाणी सारत जाते तेव्हा नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लाट उठते. वेग वाढतो तशी लाट लांबत जाते, आणि ती होडीइतकी लांब झाली की होडी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात बसते. पुढचा चढ चढायला वारा पुरत नाही. हिशेब सोपा आहे: पाणरेषेची लांबी फुटांत घे, तिचं वर्गमूळ काढ, १.३४ ने गुण, तेवढे नॉट (समुद्रावरच्या वेगाचं माप). सोळा फुटी होडीला सव्वापाच-साडेपाच नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. वेस्ट हायकोर्ट रोडवरचा सायकलवालासुद्धा पुढे जाईल. गेल्या शंभर-दीडशे वर्षांतल्या बहुतेक प्रायोगिक होड्या म्हणजे या एका आकड्याशी केलेलं भांडण आहे. कोणी घसरून त्याच्या वर गेलं, कोणी सांगाडा इतका अरुंद केला की लाटच उठू नये, आणि कोणी होडी पाण्याबाहेरच उचलली.

क्रॉसबो अरुंद सांगाडेवाल्यांपैकी. १९७२ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडच्या बंदरात वेगाचे विक्रम मोजायला सुरुवात झाली. ठराविक पाचशे मीटर, त्यातला सरासरी वेग. टिम कोलमन या माणसाने रॉड मॅकाल्पाइन-डाउनीकडून पहिली क्रॉसबो आखून घेतली. साठ फूट लांब, काठीसारखा बारीक सांगाडा, आणि एकाच बाजूला लांब दांड्यावर छोटी कुपी. मालवणला पहिल्यांदा गेलो तेव्हा किनाऱ्यावरची उलांडीची होडी पाहून मी थबकलो होतो. अरे, ही तर क्रॉसबो! फरक इतकाच की आपला नाखवा दोन्हीकडे जाऊ शकतो. क्रॉसबोची उलांडी कायम वाऱ्याच्या बाजूलाच हवी. माणसं दांड्यावरून धावत त्या कुपीत जाऊन बसायची, त्यांच्या वजनाने होडी सरळ राहायची, आणि त्यामुळे ती एकाच दिशेने धावायची. पाचशे मीटर झाले की मोटरबोट लावून ओढत परत आणायची आणि पुन्हा सोडायची. पहिल्याच वर्षी २६.३० नॉट, म्हणजे ताशी जवळपास ४९ किलोमीटर.

मग १९७६ ला तुझ्या फोटोतली दुसरी क्रॉसबो आली. दोन सांगाडे, प्रत्येकावर एक शीड. शेजारी-शेजारी दोन शिडं लावली तर एकाचा उष्टा वारा दुसऱ्याला मिळतो, म्हणून एक सांगाडा पुढे सरकवलेला. दोघांना ताजा वारा. १९८० साली ३६ नॉट. तो विक्रम सहा वर्षं टिकला, आणि मग मोडला कोणी? १९८६ साली पास्कल माका नावाच्या फ्रेंच माणसाने, फळीवर उभं राहून, हातात एक शीड धरून. ३८.८६ नॉट. एवढ्या मोठ्या यंत्राला विंडसर्फरने हरवलं, बाप्पा! मला हे वाचून तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, आता मजा वाटते.

आता तुझा खरा प्रश्न, प्रयोग फसले का. माझं मत जरा उलटं आहे, की नियमांच्या कैचीतच जास्त कामाच्या होड्या निघाल्या, आणि आमच्या जुन्या बॅचमध्ये यावरून चहाच्या टपरीवर पुष्कळ डोकेफोड झालीय. बहुतेकांचं म्हणणं असं की नियम काढून टाका, मग बघा माणूस काय बनवतो. विक्रमाच्या त्या पाचशे मीटरला जवळपास नियम नव्हतेच. त्यातून काय निघालं? एकाच बाजूला पळणाऱ्या होड्या. चाळीस वर्षांनंतरची सेलरॉकेट टू घे. २०१२ च्या नोव्हेंबरात नामिबियाच्या वॉल्व्हिस बे मध्ये पॉल लार्सनने तिच्यावर ६५.४५ नॉट गाठले, ताशी १२१ किलोमीटर. त्या वेगात शिडाच्या होडीपुढे वेगळंच संकट असतं. पाण्यातल्या पंखाच्या (होडीखालच्या पातळ पात्याच्या) वरच्या बाजूला दाब इतका पडतो की पाणी थंड असूनही उकळतं, बुडबुडे होतात आणि पंखाची पकड सुटते. फ्रेंचांची इद्रोप्तेर २००९ मध्ये ५१.३६ पर्यंत येऊन याच भिंतीशी थांबली. लार्सनच्या चमूने पाचरीसारखा पंख केला, ज्याच्या पाठीमागे मुद्दाम हवा खेचली जाईल. पोकळी होणारच असेल तर ती आपल्या सोयीने होऊ दे, असा विचार. मला तो फार आवडतो. पण सेलरॉकेटसुद्धा एकाच बाजूला धावते. तिच्यात बसून तुला अंबाझरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला जाता येईल, परत यायला ऑटो करावी लागेल.

आणि नियमांच्या कैचीत काय घडलं बघ. १८७६ साली नॅथॅनिएल हेरशॉफने अमॅरिलिस नावाची दोन सांगाड्यांची होडी न्यूयॉर्कला शर्यतीत आणली, सगळ्यांना मागे टाकलं, तक्रारी झाल्या आणि तिची रीतसर हकालपट्टी झाली. मोठ्या क्लबांच्या शर्यतीत अशा दोन सांगाड्यांच्या होडीला, म्हणजे कॅटमरानला, पुढे कित्येक वर्षं दार बंद. इथे माझा मुद्दा लंगडा पडतो, मान्य. पण मॉथची गोष्ट ऐक.

मॉथ म्हणजे अकरा फुटी, एका माणसाची होडी. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात लेन मॉरिस नावाच्या माणसाने पहिली बनवली. लांबी-रुंदी-शीड यांच्या मर्यादा पाळ, आतलं काय ते तू ठरव, असा हा वर्ग. लोक गॅरेजमध्ये बनवायचे. २००० च्या सुमारास ब्रेट बर्विलने बाजूंना पाण्यात जाणारे तिरके पंख लावले, होडी उचलली गेली, तिने शर्यती जिंकल्या. वर्गाने म्हटलं, दोन्ही बाजूंचे पंख पाण्यात म्हणजे ही एका सांगाड्याची होडीच नव्हे, बंद. आता कोणीही खचला असता. पर्थच्या गार्थ आणि जॉन इलेट यांनी काय केलं, तर पंख मधोमध आणले: एक डॅगरबोर्डाच्या (मधोमध पाण्यात उभ्या सोडलेल्या फळीच्या) खाली, एक सुकाणूच्या खाली, उलट्या ‘टी’सारखे. दोन पातळ दांड्यांवर उभी होडी! अशी तोललीच कशी जाणार? म्हणून नाळेला एक लवचीक कांडी, ती पाण्याला घासत राहते. होडी खाली बसली की कांडी मागे रेटली जाते, तारेने पंखाची झडप वळते, होडी वर येते. जास्त वर आली की कांडी खाली लोंबते आणि झडप उलटी वळते. घराच्या टाकीतला बॉलकॉक आठव, तेच तत्त्व. ना बॅटरी, ना सेन्सर. २००५ च्या जानेवारीत मेलबर्नला रोहन वील पंखांवरून जगज्जेता झाला आणि त्यानंतर पंखाशिवाय कोणी तिथे जिंकायचा विचारही करत नाही. ही होडी दोन्हीकडे वळते, परत येते, शर्यत लावते. बर्विलवर बंदी आली नसती तर हे इतक्या लवकर सुचलं असतं असं मला वाटत नाही.

अमेरिका कप या शिडाच्या होड्यांच्या नामांकित स्पर्धेतली १९८३ ची ऑस्ट्रेलिया टू तुला माहीतच असेल. बेन लेक्सनचा पंखवाला कील (तळाखालचं जड पातं), बंदरात पडदे लावून झाकलेला, आणि १३२ वर्षांची अमेरिकन मक्तेदारी संपली. तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. २०१३ च्या स्पर्धेसाठी मोठ्या कॅटमरानचे नियम असे होते की त्या पंखांवर उडू नयेत. न्यूझीलंडवाल्यांनी २०१२ मध्येच ७२ फुटी धूड पाण्याबाहेर काढलं. पुन्हा तेच, नियमाच्या फटीतून.

समुद्र ओलांडणाऱ्या प्रायोगिक होड्यांचं प्रकरण वेगळं, तिथे नियम समुद्रच लावतो. १९६८ च्या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत डिक न्यूविकने आखलेली चीअर्स होती, उलांडीच्या जातीची, दोन्ही टोकं सारखी. ती वळायची नाही. थांबायची, शिडं फिरवायची आणि मागचं टोक पुढे करून निघायची, आपल्या मेमू गाडीसारखी. टॉम फॉलेटने तिच्यात २७ दिवसांत तिसरा नंबर काढला. १९७८ ला फ्रान्सहून कॅरिबियनकडच्या रूट दु रूम शर्यतीत माइक बर्चची पिवळी चिमुकली ट्रायमरान (तीन सांगाड्यांची होडी) ऑलिंपस फोटो २३ दिवसांनंतर अवघ्या ९८ सेकंदांनी पहिली आली. त्याच शर्यतीत आलँ कोला त्याच्या मानुरेव्हासकट नाहीसा झाला, आजतागायत काही सापडलं नाही. आणि एक आपल्या जवळची गोष्ट: १९६८-६९ ला न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणेच्या पहिल्या शर्यतीत नऊ जण निघाले. नव्या पद्धतीच्या ट्रायमरानही होत्या, त्यातली एक परतीच्या शेवटच्या टप्प्यात अटलांटिकमध्ये बुडाली. पूर्ण करून परतली एकटी सुहेली. बत्तीस फुटी, सागवानी, संथ, आणि बांधलेली मुंबईत.

समुद्र लांब असल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पन्नाशीच्या दशकात पंखांवर उडणारी मॉनिटर नावाची होडी गॉर्डन बेकरने बनवली ती अमेरिकेच्या मध्यावर, विस्कॉन्सिनमध्ये. घरचा धंदा पवनचक्क्या आणि पंपांचा, चाचण्या तळ्यात. पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक. शीड आणि शिडी दोन्ही एकाच होडीला! १९५६ मध्ये तिचा वेग ३०.४ नॉट मोजला गेला. तळ्यात, हं.

आता मॉडेल. माझी चूक ऐक म्हणजे तुझे दोन महिने वाचतील. एनसीसीच्या शिप मॉडेलिंगसाठी मी ऑस्ट्रेलिया टू केली होती, एकास पन्नास प्रमाणात, अगदी काटेकोर. कीलचे पंख डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचे. सिमेंटच्या हौदात सोडली आणि पंख्याच्या वाऱ्यावर ती आडवी झोपली. उभी केली, पुन्हा झोपली. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, ‘काहून बे, पाणबुडी केली का?’ कारण नंतर कळलं. होडी आडवी पाडणारा जोर लांबीच्या घनात कमी होतो, पण तिला उभा ठेवणारा जोर चौथ्या घातात. पन्नासपट लहान केलीस की ती पन्नासपट लवंडी होते, कारण वारा कोणी लहान करून देत नाही. मी शेवटी कील दुप्पट खोल केला आणि फुटाळा तलावावरच्या ढिवराकडून जाळ्याला लावायचं शिसं घेऊन खाली बांधलं. दिसायला भयाण, पण उभी राहिली.

म्हणून पहिलंच मॉडेल क्रॉसबोचं नको करू, ते एकदाच धावेल आणि मधोमध जाऊन थांबेल. मीटरभर लांब साधी कॅटमरान कर. थर्मोकोलचा गाभा, वर फायबर ग्लास. पण पॉलिस्टर रेझिन थर्मोकोल खाऊन टाकतं, इपॉक्सीच घे. शीड प्रमाणापेक्षा लहान ठेव, सांगाडे प्रमाणापेक्षा लांब अंतरावर. पंख दुसऱ्या वर्षी. तळ्यावर सोडायच्या आधी परवानगीची चौकशी कर, आणि जाशील तेव्हा पहाटे जा, वारा पडलेला असतो, होडी हरवत नाही. मासिकातलं ते पान स्कॅन करून टाक. फाटलेल्या कोपऱ्यासकट.